साथीच्या काळात जहाज नेमकं कुठं अडकतं?

कोविडच्या दोन वर्षांतली जहाजांची दोनच चित्रं लोकांच्या लक्षात राहिली. एक, लॉस एंजेलिसच्या बाहेर ताटकळणाऱ्या कंटेनर जहाजांची रांग. दुसरं, योकोहामाच्या धक्क्याला लागलेली 'डायमंड प्रिन्सेस'. त्यावरून असा समज झाला की साथ आली की जहाजं बंद पडतात, नाहीतर जहाजावरच साथ पसरते. मालवाहू जहाजांच्या बाबतीत हा समज अर्धामुर्धाच खरा आहे. 'डायमंड प्रिन्सेस'वर ३,७११ माणसं होती आणि त्यातल्या ७१२ जणांना लागण झाली. तीनशे मीटर लांबीच्या मालवाहू जहाजावर मात्र वीस-पंचवीस माणसं असतात. बहुतेक नव्या जहाजांवर प्रत्येकाला स्वतंत्र केबिन आणि न्हाणीघर मिळतं. बंदर सोडून चौदा दिवस झाले आणि कुणाला ताप आला नाही, तर त्याहून निर्धोक जागा त्या दिवसांत शोधून सापडली नसती.

घोटाळा होतो तो किनाऱ्याशी गाठ पडते तेव्हा. पायलट चढतो ती दोरीची शिडी, गोदी कामगार ये-जा करतात तो गँगवे आणि खलाशी जिथून घरी जातो तो विमानतळ, हे तीन सांधे साथीत गंजतात. पहिल्या दोन सांध्यांवर तोडगा महिन्याभरात निघाला. तिसऱ्यानं दोन वर्षं खाल्ली.

नऊ प्रश्न आणि पिवळं निशाण

परदेशातून आलेलं जहाज जेएनपीटीत, म्हणजे न्हावा-शेवा बंदरात, शिरण्याआधी कप्तान एजंटामार्फत 'मेरिटाइम डिक्लरेशन ऑफ हेल्थ' नावाचा फॉर्म पाठवतो. हा फॉर्म जगभर एकच आहे. त्यात नऊ प्रश्न असतात. प्रवासात अपघात सोडून कुणी दगावलं का? संसर्गजन्य वाटावा असा आजार कुणाला आहे का, होऊन गेला का? आजाऱ्यांची संख्या नेहमीपेक्षा जास्त आहे का? चोरून चढलेला कुणी सापडला का? जहाजावरचा पाळीव प्राणी आजारी आहे का, हाही प्रश्न त्यात आहे. सोबत गेल्या ३० दिवसांत लागलेल्या बंदरांची तारीखवार यादी द्यायची.

केंद्रीय आरोग्य खात्याच्या पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनचा अधिकारी हे तपासून 'फ्री प्रॅटिक' देतो. म्हणजे या जहाजानं किनाऱ्याशी व्यवहार करायला आरोग्य खात्याची हरकत नाही. ते मिळेपर्यंत डोलकाठीवर पिवळं 'क्यू' निशाण असतं. पिवळं निशाण म्हणजे जहाजावर रोगराई, अशी आपल्याकडे समजूत आहे. आजच्या सांकेतिक संहितेत अर्थ उलटा आहे: माझं जहाज निरोगी आहे, मला फ्री प्रॅटिक द्या. साध्या दिवसांत हे सगळं ई-मेलवर उरकतं आणि अधिकारी जहाजावर चढतही नाही.

ही पद्धत फार जुनी आहे. रागुसा, म्हणजे आजचं डुब्रोव्हनिक, इथं १३७७ मध्ये प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना ३० दिवस बाहेर थांबवायचा ठराव झाला. पुढे त्याचे ४० दिवस झाले आणि 'चाळीस' या इटालियन शब्दावरून क्वारंटाइन हा शब्द आला. मुंबईत १८९६ साली गोदीलगतच्या मांडवीत प्लेग उघडकीस आला. त्यातून १८९७ चा साथरोग कायदा झाला. बंदरात येणारं-जाणारं जहाज तपासण्याचे अधिकार त्या कायद्यात आहेत आणि २०२० मध्ये सरकारनं हाच सव्वाशे वर्षांचा कायदा पुन्हा बाहेर काढला.

कोविडमध्ये या फॉर्मचा सगळा भार त्या ३० दिवसांच्या यादीवर आला. अनेक बंदरांनी नियम केला की मागचं परदेशी बंदर सोडून १४ दिवस झाल्याशिवाय आत घेणार नाही. नऊ दिवसांचा प्रवास असेल, तर उरलेले पाच दिवस जहाजानं बाहेर घिरट्या घालायच्या.

त्या पाच दिवसांचं भाडं कुणी द्यायचं? वकिलांना सगळ्यात जास्त काम या प्रश्नानं दिलं. टाइम चार्टरमध्ये, म्हणजे जहाज ठरावीक काळासाठी भाड्यानं घेतलं की, भाडेकरू दिवसावर पैसे देतो. समजा दर रोजचा १५,००० डॉलर आहे, तर पाच दिवसांचे ७५,००० झाले. जहाज भाडेकरूच्या हुकमानं तिकडे गेलं होतं, तेव्हा सहसा पैसे त्यानंच द्यायचे. पण जहाजावरचा कुणी आजारी निघाला म्हणून थांबावं लागलं, तर भाडेकरू म्हणणार जहाज 'ऑफ-हायर' आहे, भाडं बंद. व्हॉयेज चार्टरमध्ये, म्हणजे जहाज एका फेरीपुरतं घेतलं की, गाडं वेगळ्या ठिकाणी अडतं. तिथं जहाज 'तयार आहे' अशी नोटीस कप्तानानं दिली की माल चढवण्या-उतरवण्याच्या वेळेचं घड्याळ सुरू होतं. फ्री प्रॅटिक नसताना दिलेली नोटीस चालते का? करारात तसं स्पष्ट लिहिलं असेल तर सहसा चालते. नसेल तर फ्री प्रॅटिक ही निव्वळ औपचारिकता होती का, यावर भांडण. एरवी ती औपचारिकताच असायची, साथीत राहिली नाही. बिम्को या जहाजमालकांच्या संघटनेनं इबोलाच्या वेळीच, २०१५ मध्ये, संसर्गजन्य आजारांचं कलम तयार करून ठेवलं होतं. ज्यांनी ते करारात घातलं होतं त्यांचं बरंच निभावलं.

शिडी, गँगवे आणि ब्लीच

पायलट म्हणजे बंदराचा वाटाड्या. लाँचमधून येतो आणि चालत्या जहाजाच्या कुशीला लोंबणारी शिडी चढतो. पाण्यापासून डेक ९ मीटरपेक्षा उंच असेल तर नुसती दोरीची शिडी चालत नाही, सोबत जहाजाची तिरपी जिनाशिडी जोडावी लागते. साथीत त्यावर आणखी नियम चढले. पायलटला निवाऱ्यातून, म्हणजे खलाशांच्या राहण्याच्या भागातून, न नेता बाहेरच्या जिन्यांनी थेट ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथं, न्यायचं. ब्रिजचे दोन्ही बाजूंचे दरवाजे उघडे ठेवायचे. कप्तान, एक अधिकारी आणि सुकाणूवरचा खलाशी, एवढेच आत. रेडिओ, रडारची बटणं, खुर्चीचे हात आधी पुसलेले. पायलटला चहा विचारायची पद्धत बंद, तो स्वतःची बाटली आणणार.

गँगवेपाशी टेबल, तापमापक, मास्क आणि नोंदवही. गोदी कामगारांसाठी डेकवरचं एक वेगळं स्वच्छतागृह, आतले सगळे दरवाजे बंद. कागदपत्रं ई-मेलवर. हे सगळं चटकन बसलं, कारण जहाजावर कुणाला कुठं जाऊ द्यायचं याची शिस्त सुरक्षेच्या नियमांमुळे आधीपासून होती.

इतकं करूनही कुणी आजारी पडलाच तर? पुष्कळांना ठाऊक नसतं की मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो. १०० किंवा जास्त माणसं घेऊन तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला निघणाऱ्या जहाजालाच डॉक्टर सक्तीचा आहे. मालवाहू जहाजावर हे काम बहुधा सेकंड ऑफिसरकडे असतं. त्यानं काही दिवसांचा वैद्यकीय कोर्स केलेला असतो, औषधांचं ठरावीक कपाट त्याच्या ताब्यात असतं आणि उपग्रह फोनवर किनाऱ्यावरच्या डॉक्टरचा सल्ला मिळतो. रोममधलं असं एक केंद्र १९३५ पासून हेच करतं आहे. प्राणवायूचे सिलिंडर असतात, पण मोजके. न्यूमोनिया झालेल्या माणसाला भर समुद्रात आठवडाभर प्राणवायूवर ठेवता येत नाही. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी श्वास लागू लागला की जवळच्या बंदराकडे वळायचं. ते बंदर घेईल का, हा पुढचा प्रश्न.

विलगीकरणात दोन गोष्टी हमखास चुकायच्या. पहिली एसी. जहाजाच्या निवाऱ्यात एकच मोठं यंत्र हवा थंड करून सगळ्या केबिनना पुरवतं आणि त्यातली बरीचशी हवा परत घेऊन पुन्हा फिरवतं. म्हणजे एकाचा खोकला सगळ्यांच्या वाट्याला. उपाय सोपा दिसतो: परतीच्या हवेची झडप बंद करा, पूर्ण बाहेरची हवा घ्या. पण मे महिन्यात मुंबईच्या अँकरेजवर बाहेरची हवा ३५ अंशांची आणि दमट. कॉम्प्रेसरला तो भार झेपत नाही, डक्टमधून पाणी ठिबकायला लागतं, आणि दोन दिवसांत कुणीतरी गुपचूप झडप पुन्हा उघडतो. त्यापेक्षा रोग्याला जहाजाच्या दवाखान्यात ठेवावं, तिथली हवा वेगळ्या पंख्यानं थेट बाहेर जाते. दवाखाना एकच असल्यामुळे दुसरा आणि तिसरा रोगी निघाला की त्यांना केबिनमध्ये ठेवून तिथली हवेची जाळी टेपनं बंद करायची आणि खिडकी उघडत असेल तर उघडायची.

दुसरी चूक ब्लीचची. पृष्ठभाग पुसायला ०.१ टक्का क्लोरीनचं पाणी पुरतं. ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर एक भाग ब्लीच, ४९ भाग पाणी. म्हणजे लिटरला २० मिली. थंड पाण्यात कालवायचं, रोज नवं करायचं आणि पुसलेली जागा लगेच कोरडी करायची नाही. घाबरलेली माणसं दहापट कडक करतात. खरा धोका मात्र पुढे आहे. जहाजावरच्या संडासांच्या नळ्यांत क्षार साठतात, ते काढायला आम्लाचं रसायन वापरतात. त्याच भांड्यात ब्लीच पडलं की क्लोरीन वायू तयार होतो. बिनखिडकीच्या न्हाणीघरात त्याचे दोन श्वाससुद्धा महागात पडतात.

आजाऱ्यांची संख्या वाढली की कायदाही आडवा येतो. कमीत कमी किती आणि कोणत्या दर्जाची माणसं हवीत, हे प्रत्येक जहाजाच्या 'सेफ मॅनिंग' दाखल्यात लिहिलेलं असतं. समजा जहाजावर २२ जण आहेत आणि दाखला १५ सांगतो. आठ जण अंथरुणाला खिळले की जहाज बंदरातून हलवता येत नाही. आणि आठपर्यंत थांबायचीही गरज नसते. कप्तान आणि चीफ ऑफिसर दोघेच आजारी पडले तरी तेच होतं.

खलाशी बदलणं: जिथं सगळं तुंबलं

खलाशी जहाजाचा कायमचा नोकर नसतो. करारावर चढतो, म्हणजे 'साइन ऑन' करतो. अधिकारी चार ते सहा महिने, खालचे खलाशी साधारण नऊ महिने. करार संपला की त्याचा बदली माणूस, 'रिलीव्हर', येतो आणि हा उतरतो. जगात असे सुमारे १९ लाख खलाशी आहेत आणि साध्या दिवसांत महिन्याला लाखभर बदल्या होतात. सलग किती काळ जहाजावर ठेवता येतं, याची मर्यादा २००६ च्या मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनमध्ये आहे: बारा महिन्यांपेक्षा कमी. महिन्याला अडीच दिवस पगारी रजा, म्हणजे वर्षाची ३० दिवस. ती वजा केली की उरतात अकरा महिने, आणि व्यवहारात अकरा हाच आकडा धरतात.

मार्च २०२० मध्ये हे चक्र जागच्या जागी थांबलं. भारतानं २३ मार्चपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद केली. नियमित उड्डाणं पुन्हा सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. २५ मार्चला टाळेबंदी लागली. जहाज मुंबईसमोर नांगर टाकून उभं, खलाशाचं घर अलिबागला, केबिनच्या खिडकीतून किनारा दिसतोय, पण उतरता येत नाही, अशी स्थिती होती. २१ एप्रिलला गृह मंत्रालयानं खलाशी उतरवण्या-चढवण्याची कार्यपद्धती मंजूर केली आणि दोन दिवसांनी 'मरेला डिस्कव्हरी' या क्रूझ जहाजावरचे सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईत उतरले. ५ मे रोजी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं घरापासून जहाजापर्यंत आणि परत अशा १२ टप्प्यांची पद्धत जगापुढे ठेवली.

कागदावर बारा टप्पे सरळ दिसतात. प्रत्यक्षात काय व्हायचं ते एका खलाशाचं उदाहरण घेऊन पाहू. रत्नागिरीजवळच्या गावातल्या एकाला सिंगापूरला जहाज पकडायचंय. आधी १४ दिवस विलगीकरण, कंपनीच्या हिशोबानं ते मुंबईतल्या हॉटेलात. म्हणजे गावाहून मुंबईला यायला जिल्ह्याबाहेरचा ई-पास. मग आरटीपीसीआर चाचणी. नमुना दिल्यापासून ७२ तासांच्या आत विमान सुटायला हवं. सोमवारी सकाळी नमुना, मंगळवारी रात्री अहवाल, बुधवारी रात्री विमान. इथपर्यंत जमलं. बुधवारी दुपारी कप्तानाचा निरोप येतो की समुद्र खवळलाय, जहाज दीड दिवस उशिरा येईल. गुरुवारी सकाळी अहवाल शिळा. पुन्हा चाचणी, पुन्हा तिकीट, आणि ते विशेष विमान आठवड्यातून एकच. तोवर जहाज सिंगापूर सोडून गेलेलं. तिकडे ज्याची सुटी होणार होती तो सामान बांधून बसलेला, त्याला बॅग उघडायला सांगायचं. असं एकाच माणसाबाबत तीन-तीनदा व्हायचं.

चाचणीचीही एक खोच होती. महिनाभरापूर्वी कोविड होऊन बरा झालेला माणूस संसर्ग पसरवत नसतो, तरी त्याची आरटीपीसीआर काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण चाचणी विषाणूचे मेलेले अवशेषही टिपते. अशा एका अहवालानं अख्खी तुकडी अडायची.

एकदम सगळे बदलावेत, तर ते वेगळंच संकट. पूर्वी एका बंदरात दोन-चार जण बदलायचे. साथीत एखादं बंदर उघडं मिळालं की कंपन्या पंधरा-वीस जण एका फटक्यात बदलू पाहत. मग इंजिनाची खोड कुठली, कुठला पंप गरम होतो, कुठली झडप उलटी फिरते, हे ठाऊक असलेलं कुणीच उरत नाही. शहाण्या कंपन्यांनी निदान कप्तान किंवा चीफ इंजिनिअर यांपैकी एक जुना ठेवला आणि त्याला पुढच्या बंदरात सोडलं. त्यासाठी त्याची समजूत घालावी लागायची, आणि तो आधीच आठव्या महिन्यात असायचा.

जहाजं खलाशी बदलायला वाट वाकडी करू लागली. कोची आणि त्याच्या दक्षिणेचं विळिंजम ही नावं तेव्हा जहाजांना खलाशी पुरवणाऱ्या जगभरच्या ऑफिसांत घरची झाली. ती मुख्य सागरी मार्गापासून जवळ आहेत, जहाजाला धक्क्याला लागायची गरज नाही, बाहेरच लाँच येते आणि माणसं बदलते. पण काही भाडेकरू करारात अटच घालत होते की माल जहाजावर असताना खलाशी बदलायला वळायचं नाही. बिम्कोनं अशा अटींवर उघड टीका केली.

२०२० च्या अखेरीस करार संपूनही जहाजावर अडकलेल्यांचा आकडा सुमारे चार लाखांवर गेला. जवळपास तितकेच बदली खलाशी घरी बिनपगारी बसले होते. त्यांच्याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. कोकणातल्या, गोव्यातल्या अनेक घरांत त्या वर्षी जहाजाचा पगार आलाच नाही. क्रूझ जहाजांवर काम करणाऱ्या गोंयकारांची तर दुहेरी कोंडी झाली. आधी महिनोन् महिने परक्या बंदराबाहेर रिकाम्या जहाजावर, आणि परतल्यावर कंपनीच बंद.

चौदा-पंधरा महिने जहाजावर राहिलेल्या माणसाचं काय होतं? नियमानं २४ तासांत १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळायला हवी, आणि नोंदवहीत ती मिळालेली दिसतेच. शरीर मात्र नोंदवही वाचत नाही. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या माणसानं नऊ महिन्यांच्या हिशोबानं आणलेल्या असतात. त्या संपतात आणि परक्या बंदरात उतरून दुकानात जाता येत नाही. दाढ दुखायला लागली तर वेदनाशामक गोळ्यांवर महिने काढायचे. वैद्यकीय दाखल्याची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं, ती समुद्रातच संपते. सरकारं मुदतवाढ देत गेली, कागद ताजे राहिले. ऑस्ट्रेलियानं मात्र अकरा महिन्यांवर गेलेले खलाशी आढळले तेव्हा काही जहाजं रोखून धरली. नियमाचा धाक तिथं दिसला.

'जग आनंद' आणि 'अनास्तासिया' ही दोन जहाजं ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेऊन चीनसमोर २०२० च्या उत्तरार्धात महिनोन् महिने उभी होती. दोन्हींवर मिळून ३९ भारतीय. कारण सांगितलं गेलं कोविडचं, पण मुळाशी चीन-ऑस्ट्रेलिया व्यापारी भांडण होतं. 'जग आनंद' अखेर जानेवारी २०२१ मध्ये जपानच्या चिबाला नेऊन खलाशी बदलले. 'आरोग्याच्या कारणास्तव' ही सबब किती कामांना येते, हे त्यात स्वच्छ दिसलं.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १ डिसेंबर २०२० रोजी ठराव करून देशांना सांगितलं की खलाशांना 'अत्यावश्यक कामगार' माना. अनेक देशांनी मान्यही केलं. अडचण अशी की बंदर एका खात्याचं, व्हिसा दुसऱ्याचं, विलगीकरण तिसऱ्याचं आणि विमान खासगी कंपनीचं. पहिल्या खात्यानं मानलं तरी उरलेल्यांच्या खिडकीवर तो साधा प्रवासीच.

मग एप्रिल २०२१ ची लाट आली. हाँगकाँगनं भारतातली विमानं बंद केली, सिंगापूरनं भारतात नुकत्याच राहिलेल्यांना खलाशी बदलासाठी नाकारलं, संयुक्त अरब अमिरातीनंही दार लावलं. भारतीय रिलीव्हर मिळेना, म्हणून कंपन्या फिलिपिन्सकडे वळल्या. लस हाच पासपोर्ट ठरणार हे उघड होतं आणि तिथंही पेच पडला. मे २०२१ मध्ये कोव्हिशील्डच्या दोन मात्रांतलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं, म्हणजे पहिली मात्रा घेतलेला खलाशी किमान ८४ दिवस घरी. ७ जूनला परदेशी नोकरीसाठी जाणाऱ्यांना २८ दिवसांनी दुसरी मात्रा घ्यायची सवलत मिळाली आणि कोविनच्या प्रमाणपत्रावर पासपोर्ट क्रमांक टाकायची सोय झाली. ज्यांनी कोव्हॅक्सिन घेतली होती त्यांना मात्र ३ नोव्हेंबरपर्यंत थांबावं लागलं. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता त्या दिवशी आली.

डबे कुठं गेले?

मालाची कथा माणसांपेक्षा सोपी आहे, कारण तिच्यात सगळं गणित आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनमधले कामगार घरी अडकले आणि शांघायसारख्या बंदरांत रेफर, म्हणजे शीत कंटेनर, उचलायला कुणी येईना. रेफरला यार्डात विजेचा प्लग लागतो आणि प्लग मोजके असतात. ते भरले की पुढचे रेफर दुसऱ्या बंदरात उतरवायचे आणि मालधन्याकडून अधिभार घ्यायचा. तिकडे अडकलेला रेफर नाशिकच्या द्राक्षांसाठी वेळेत परतत नाही, आणि द्राक्षाचा हंगाम जानेवारी ते एप्रिल एवढाच.

मार्च अखेरीस हेच जेएनपीटीत झालं. बंदर चालू होतं, कस्टम्स चालू होतं, पण ट्रेलरचे चालक गावी गेले आणि कारखाने बंद असल्यानं आयातदार माल न्यायला तयार नव्हता. उरण परिसरातली कंटेनर यार्डं भरली. कंटेनर ठरलेल्या दिवसांत रिकामा करून परत दिला नाही की शिपिंग लाइन 'डिटेन्शन' लावते आणि जागेचं भाडं वेगळं. २९ मार्चला नौवहन महासंचालनालयानं लाइन्सना सांगितलं की २२ मार्च ते १४ एप्रिलचं डिटेन्शन घेऊ नका. जागेच्या भाड्याचे वाद त्यानंतरही चालू राहिले.

मागणी पडणार म्हणून लाइन्सनी फेऱ्याच रद्द केल्या, त्याला 'ब्लँक सेलिंग' म्हणतात. अंदाज साफ चुकला. घरी बसलेल्या अमेरिकनांनी खुर्च्या, टीव्ही, व्यायामाची यंत्रं मागवायला सुरुवात केली. चीन ते अमेरिका भाडं इतकं चढलं की लाइनला अमेरिकेतून सोयाबीन भरून आणण्यापेक्षा रिकामा डबा तातडीनं परत नेणं परवडू लागलं. भारताची आयात घटलेली, म्हणजे इकडे भरलेले डबे कमी येत होते, त्यामुळे निर्यातीला रिकामे डबे मिळेनात. २०२० च्या अखेरीस तांदूळ निर्यातदार डब्यासाठी आठवडेच्या आठवडे थांबत होता, ते यामुळे.

ड्र्यूरी या सागरी सल्लागार संस्थेच्या निर्देशांकानुसार चाळीस फुटी डब्याचं सरासरी भाडं २०१९ मध्ये सुमारे १,४२० डॉलर होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये ते १०,३७७ वर गेलं. या काळात जहाजं काही कमी झाली नव्हती, ती रांगेत उभी होती. एखादं जहाज धक्क्यासाठी दहा दिवस थांबलं की त्याच्या वर्षाच्या फेऱ्या घटतात, आणि सगळीच थांबली की क्षमता आपोआप आटते. त्यात २५ मे २०२१ पासून चीनमधल्या यान्तियान बंदरानं निर्यातीचे डबे घेणं थांबवलं आणि ते पूर्ववत व्हायला २४ जून आला. ऑगस्टमध्ये चीनमधल्याच निंगबो बंदराचं मेइशान टर्मिनल एका कामगाराला लागण झाली म्हणून दोन आठवडे बंद राहिलं. जानेवारी २०२२ मध्ये लॉस एंजेलिस आणि लाँग बीचसाठी शंभराहून जास्त कंटेनर जहाजं रांगेत होती.

या गर्दीत एक बारीक काम मागे पडलं होतं, ते म्हणजे तपासण्या. जीवरक्षक तराफ्याची दर १२ महिन्यांनी किनाऱ्यावरच्या मान्यताप्राप्त केंद्रात सर्व्हिसिंग लागते, अडचण असेल तर १७ महिन्यांपर्यंत चालवून घेतात. तंत्रज्ञच जहाजावर चढू शकत नसल्यानं ही सवलत सर्रास वापरली गेली. जहाज धडधाकट आहे का हे तपासून दाखला देणाऱ्या वर्गीकरण संस्था मोबाइल कॅमेऱ्यावर सर्व्हे करू लागल्या. पत्र्याची जाडी मोजणं किंवा टाकीतल्या भेगा पाहणं कॅमेऱ्यावर होत नाही, त्यामुळे त्या गोष्टी पुढच्या ड्रायडॉकपर्यंत, म्हणजे जहाज पाण्याबाहेर काढून दुरुस्तीला घेईपर्यंत, तशाच राहिल्या.

नियमांत बदल झाला तो २०२२ च्या मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनच्या दुरुस्त्यांनी. त्या २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाल्या. तातडीचे उपचार हवे असलेल्या खलाशाला किनाऱ्यावरच्या देशानं लगेच उतरवून घ्यायचं, हे आता लेखी बंधन आहे. खलाशांना घरच्यांशी बोलायला इंटरनेट द्यायचं, तेही आलं. आणखी एक कलम आहे. २०२१ मध्ये एका कंटेनर जहाजाचा कप्तान समुद्रात वारला. अनेक बंदरांनी पार्थिव घ्यायला नकार दिला आणि जहाज ते घेऊन आठवडे फिरत राहिलं, शेवटी त्याच्या मायदेशीच नेलं. आता जहाजावर कुणी वारलं तर ज्या देशात ते घडलं किंवा ज्या पाण्यात जहाज पुढे शिरलं, त्या देशानं पार्थिव घरी पोचवायला मदत करायची आहे. फॉर्मवरचा पहिला प्रश्न अजून तोच आहे: प्रवासात अपघात सोडून कुणी दगावलं का?